वावरात लहान विमान आदळलं तर: पहिल्या अर्ध्या तासात गावानं काय करायचं

गोंदियाजवळ बिरसी, अमरावतीजवळ बेलोरा, अकोल्याला शिवणी, चंद्रपूरजवळ मोरवा, शिवाय यवतमाळची धावपट्टी. विदर्भात या धावपट्ट्यांच्या कुंपणापर्यंत वावरं येऊन भिडली आहेत. बिरसीला वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून मुंबईला प्रवासी विमान जातं, आणि खासगी मालकांची लहान विमानं अधूनमधून सगळीकडेच उतरतात. डोक्यावरून जाणाऱ्या विमानाकडे आता शेतात राबणारी माणसं मान वर करूनही पाहत नाहीत, इतकं ते रोजचं झालं आहे.

अशा विमानाचा उतरताना तोल गेला आणि ते कुंपणाबाहेर, तुरीत किंवा धानाच्या बांधीत येऊन आदळलं, तर तिथे सगळ्यांत आधी पोचणारा माणूस शेतकरी किंवा सालगडीच असणार. धावपट्टीवर अग्निशमनाची गाडी असलीच, तरी काळ्या मातीतून आणि पांदणीतून ती पोचायला वेळ लागतो. छोट्या धावपट्टीवर ती नसेल, तर तालुक्याहून यावी लागते. म्हणून हा लेख वैमानिकांसाठी नाही, धावपट्टीच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी आहे. मात्र अपघात धावपट्टीजवळच होईल असंही धरून चालू नका. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरजंगलात कोसळलं आणि त्यातले दोघेही गेले.

आधी वारा समजून घ्या

सारख्या वेगानं समोरून वाहणारा वारा विमानाला उतरताना मदतच करतो. घात करतो तो झोत्यांचा वारा, एका क्षणी जोरात येणारा आणि दुसऱ्या क्षणी पडणारा. सेसना १७२ हे चार जणांचं, प्रशिक्षणात नेहमी दिसणारं विमान. ते उतरायला येतं तेव्हा त्याचा वेग ताशी साधारण १२० किलोमीटर असतो. पंखांना तोलून धरायला लागणारा वेग त्याहून फार कमी नसतो. समोरचा झोत अचानक पडला की पंखांवरून जाणारी हवा तेवढ्यानं कमी होते आणि विमान जमिनीपासून थोड्या उंचीवर असतानाच खाली बसतं. झोत वाढला की उलट होतं. टेकायला आलेलं विमान पुन्हा उचललं जातं, मग वेग संपून आदळतं, उसळी घेतं, पुन्हा आदळतं. दुसऱ्या-तिसऱ्या उसळीत नाकाखालचं पुढचं चाक मोडतं आणि नाकावरचा फिरता पंखा (प्रोपेलर) जमिनीला लागतो.

आडवा वारा याहून वाईट. मोटरसायकलवर महामार्गानं जाताना बाजूनं ट्रक सुसाटत गेला की हँडल कसं ओढलं जातं, तसं इथे अख्खं विमान धावपट्टीच्या कडेला ओढलं जातं. सेसना १७२ च्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा प्रत्यक्ष आजमावलेला आकडा १५ नॉट आहे, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर. अवकाळी पाऊस यायच्या आधी ढगाखालून जो गार वारा धूळ उडवत येतो, तो हा आकडा सहज ओलांडतो. एप्रिल ते जूनमधल्या दुपारी, पारा ४५ च्या आसपास असताना, वावटळी उठतात आणि हवाही विरळ होते. विरळ हवेत तेवढाच आधार मिळवायला विमानाला जमिनीवरून जास्त वेगानं यावं लागतं आणि थांबायला जास्त लांबी लागते. अशा वेळी शहाणा वैमानिक उतरणं सोडून पुन्हा वर जातो आणि घिरटी घालून परत येतो. एखादं विमान टेकता टेकता गर्जना करत परत वर गेलं, तर घाबरू नका. तो योग्य निर्णय असतो.

हे सगळं सांगायचं कारण असं की वाऱ्यामुळे होणारे उतरतानाचे अपघात बहुतेक वेळा कमी उंचीवर आणि कमी वेगात होतात. त्यामुळे आतली माणसं जिवंत असण्याची शक्यता मोठी असते. तुम्ही तिथे पोचल्यानंतर त्यांचा जीव वाचेल की जाईल, हे तुमच्या हातात असू शकतं. आणि ज्या वाऱ्यानं विमान पाडलं तोच वारा पुढची वीस मिनिटं आग कुठे न्यायची तेही ठरवणार आहे.

पळत सुटण्याआधी

पाय आपोआप विमानाकडे धावतात, ते साहजिक आहे. तरी अंदाजे शंभर मीटरवर थांबा आणि चार गोष्टी बघा. एवढं बघायला अर्धा मिनिट पुरतो.

पहिली, वारा कुठून येतो आहे. मूठभर माती वरून सोडा किंवा दुपट्ट्याचं टोक धरा. वारा पाठीवर घेऊनच विमानाकडे जायचं, म्हणजे धूर, पेट्रोलची वाफ आणि ज्वाळा तुमच्यापासून दूर जातील. त्यासाठी अर्धं वावर वळसा घालावा लागला तरी घाला.

दुसरी, तारा. विजेची तार तुटून विमानावर किंवा जमिनीवर पडली असेल, तर निदान दहा मीटर लांब राहा आणि आधी लाईनमनला फोन लावून पुरवठा बंद करवा. विमान तारेला टेकलेलं असेल आणि आतला माणूस शुद्धीवर असेल, तर आग लागत नाही तोवर त्याला आतच बसायला ओरडून सांगा. शेताच्या कुंपणाची झटका मशीनही विसरू नका. रानडुकरांसाठी लावलेल्या त्या तारेत घाईत अडकणारे पुष्कळ असतात. मशीन आधी बंद करा, मग तार कापा.

तिसरी, पंखा फिरतो आहे का. फिरता पंखा डोळ्याला दिसत नाही. इंजिन चालू असेल तर कुणीही पुढच्या बाजूनं जाऊ नये आणि पंख्याच्या रेषेत बाजूलाही उभं राहू नये. शेपटीकडून, तिरकं जायचं. थांबलेल्या पंख्यालाही हात लावायचा नाही. जुन्या पद्धतीच्या पेट्रोल इंजिनात पंखा थोडा हलला तरी इंजिन एक झटका घेऊ शकतं, आणि त्या झटक्यात हात तुटतो.

चौथी, तेल सांडलं आहे का. या विमानांचं पेट्रोल निळसर असतं आणि टाक्या पंखांत असतात. सेसना १७२ मध्ये दोनशे लिटरच्या आसपास पेट्रोल मावतं. काही नव्या प्रशिक्षण विमानांत डिझेलसारखं चालणारं इंजिन असतं, त्यात रॉकेलच्या जातीचं इंधन असतं. ते उशिरा पेटतं, पण पेटतंच. बिडी, काडीपेटी, मोबाईलवरचं शूटिंग, जवळ आणलेली मोटरसायकल किंवा ट्रॅक्टर, हे सगळं लांब ठेवायचं.

फोन एकानंच करायचा

घोळक्यातले दहा जण दहा ठिकाणी फोन लावतात आणि कुणालाच नीट पत्ता कळत नाही, असं नेहमी होतं. एका माणसाला नेमा, त्यानं वारा येतो त्या बाजूला लांब उभं राहून ११२ लावायचा, आणि दुसऱ्यानं १०८. बोलणं साधारण असं असावं:

"साहेब, लहान विमान पडलं आहे. गाव अमुक, तालुका अमुक, जिल्हा अमुक. गावाच्या पूर्वेला, नाल्याच्या पुलापासून आत पांदणीनं अर्धा किलोमीटर. आग लागलेली नाही, पेट्रोल सांडलं आहे. आत दोन माणसं दिसतात, एक बोलतो आहे. मोठी गाडी पुलापर्यंतच येईल, पुढे आमचा ट्रॅक्टर आहे. मी पुलावर माणूस उभा करतो."

शेवटची दोन वाक्यं सगळ्यांत कामाची. पावसाळ्यात काळ्या मातीत रुग्णवाहिका फसली की ती काढण्यातच तास जातो. जमलं तर विमानाच्या अंगावर लिहिलेली अक्षरंही सांगा. भारतातल्या विमानांवर व्ही आणि टी या दोन अक्षरांपुढे आणखी तीन अक्षरं असतात. त्यावरून विमान कुणाचं आणि आत किती माणसं असावीत, हे नागपूरच्या विमान नियंत्रण कक्षाला लवकर कळतं.

आग असेल तर, नसेल तर

आतून माणूस स्वतःच्या पायांनी निघत असेल, तर त्याला वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं बाहेर न्या आणि विमानापासून शंभर मीटर लांब बसवा. "आत अजून किती जण आहेत?" हा पहिला प्रश्न. प्रशिक्षणार्थी पुष्कळदा दुसऱ्या राज्यांतले असतात, तेव्हा हिंदीत विचारा.

आग लागलेली असेल किंवा लागू घातली असेल, तर मानेची-पाठीची काळजी बाजूला ठेवून माणूस ओढून काढणं भाग आहे. हा निर्णय फक्त त्या दोन-तीन जणांनी घ्यावा जे वाऱ्याच्या बाजूनं सुरक्षित पोचू शकतात. सुती कपडे अंगावर असावेत. टेरीकॉट किंवा नायलॉनचा सदरा वितळून कातडीला चिकटतो. सीटबेल्टचं धातूचं झाकण वर उचललं की तो सुटतो. सुटला नाही तर विळ्यानं कापा, पण धार माणसाच्या उलट्या दिशेला ठेवून. विमान उलटं पडलं असेल तर बेल्ट कापण्याआधी खालून दोघांनी आधार द्या, नाहीतर माणूस डोक्यावर पडेल. दार उघडत नसेल तर खिडकीची काच, खरं तर ते प्लास्टिक असतं, कोपऱ्यात कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं फोडा. काही विमानांना दार नसून डोक्यावरचं काचेचं छत पुढे उघडतं. मागच्या सीटला वेगळं दार असू शकतं, तेही बघा.

पेटलेल्या पेट्रोलवर बादलीभर पाणी ओतू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढे पसरतं. जवळ पावडरचा किंवा फेसाचा सिलिंडर असेल, पेट्रोलपंपावर, जिनिंगमध्ये किंवा शाळेत असतो, तर तो वाऱ्याच्या बाजूनं आगीच्या बुडाशी मारा. थोड्या सांडलेल्या पेट्रोलवर माती टाकता येते. पूर्ण पेटलेलं विमान मात्र गावकऱ्यांच्यानं विझत नाही, तो प्रयत्नच करू नका. त्याऐवजी वाऱ्याच्या पुढच्या बाजूला काय आहे ते बघा. वाळलेली पऱ्हाटी, हरभऱ्याचं कुटार, गवताची गंजी, गोठा? फेब्रुवारी ते जून हे सगळं भडकायला तयारच असतं. तिथे आगीपासून बऱ्याच अंतरावर, ट्रॅक्टरला रोटाव्हेटर किंवा वखर लावून मातीचा रुंद पट्टा उलथा. धुरे जाळताना आपण जी खबरदारी घेतो तीच ही. ढोरं सोडून द्या.

धुराची एक गोष्ट लक्षात ठेवा. काही नव्या विमानांचं अंग पत्र्याचं नसून काचतंतू आणि कार्बनतंतूंचं असतं. ते जळलं की बारीक कण हवेत उडतात, घशात आणि डोळ्यांत टोचतात. ओला दुपट्टा नाकातोंडाला बांधा, पण तो पुरेसा आहे असं समजू नका. धुरात थांबू नका.

आग नसेल आणि आतला माणूस शुद्धीवर असेल, तर त्यालाच विचारून इंजिन आणि वीज बंद करायला सांगा. सेसनात पायलटच्या डाव्या हाताला खाली लाल रंगाचा मुख्य स्विच असतो. तो बेशुद्ध असेल आणि पेट्रोलचा भपकारा येत असेल, तर कुठलंही बटण चाचपत बसू नका. माणसं काढा. काही विमानांत संकटकाळी रॉकेटनं बाहेर फेकली जाणारी छत्री असते, तिचा लाल दांडा छताला असतो आणि बाहेर त्रिकोणी इशारा चिकटवलेला असतो. तो दांडा कुणीही ओढू नये, आणि त्या इशाऱ्याच्या जागी विमान कापू नये. ते रॉकेट जमिनीवरही सुटतं.

जखमीला हलवणं, न हलवणं

आग नाही, पेट्रोल नाही, तारा नाहीत, माणूस श्वास घेतो आहे. मग त्याला तसाच राहू द्या. उतरताना जोरात आदळल्यावर पाठीचा कणा दबतो, आणि चार हातांनी खांद्याला धरून ओढलं की जो माणूस चालू शकला असता तो आयुष्यभर चालू शकत नाही. एकानं मागून दोन्ही हातांनी डोकं आणि मान सरळ धरून ठेवायची आणि मदत येईपर्यंत सोडायची नाही. "साहेब, हलू नका, गाडी निघाली आहे," असं बोलत राहा. बोलण्यानं माणसाला धीर येतो, आणि त्याचं उत्तर थांबलं तर तेही लगेच कळतं. ऊन असेल तर बाजेवर चादर ताणून सावली करा. मे महिन्यात उन्हात तापलेल्या पत्र्याला टेकलेली कातडी भाजते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घडी करून थेट जखमेवर दाबा. कापड भिजलं तर काढू नका, वर दुसरं ठेवा. श्वास थांबला असेल तर पाठीवर सपाट झोपवून छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहा. थकलात की दुसऱ्यानं घ्यायचं. प्यायला काही देऊ नका, तो कितीही मागत असला तरी. शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. अंगठी, कडं, घड्याळ सूज यायच्या आत काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. हळद, टूथपेस्ट, शाई काही नाही. एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगाविशी वाटते: शेतात पाणी म्हणजे जवळचा फवारणी पंप किंवा त्याच्या शेजारची बादली असं होतं. त्या पाण्यात कीटकनाशकाचा अंश असतो आणि भाजलेल्या कातडीतून तो थेट आत जातो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उजाड झाली, हे आपण बघितलं आहे. पाणी फक्त बोअरचं, विहिरीचं किंवा पिण्याच्या कॅनचं.

रुग्णवाहिका येऊच शकत नाही अशी जागा असेल, तर बाज किंवा दाराची फळी. चौघांनी एका बाजूला बसून, पाचव्यानं डोकं धरून, एका इशाऱ्यावर सगळं अंग एकदम वळवायचं, खाली फळी सरकवायची आणि दुपट्ट्यांनी बांधायचं. कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते १०८ वाल्यांवर सोडा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेऊन तिथून पुन्हा नागपूर, सेवाग्राम किंवा यवतमाळला पाठवण्यात वेळ जाऊ शकतो. म्हणून फोनवर दुखापती किती गंभीर आहेत ते आधीच नीट सांगा.

गर्दी आणि पुरावा

माणसं काढून झाली की विमानाला हात लावायचा नाही. विमान अपघातांच्या चौकशीसाठी २०१७ साली केलेल्या नियमांत माणसं व जनावरं सोडवणं, आग किंवा लोकांना होणारा धोका टाळणं अशा कारणांखेरीज अवशेष हलवायला मनाई आहे. यात मोडलेला पत्रा तर येतोच, पण मातीतल्या खुणाही येतात. चाकांचा पहिला ठसा कुठे पडला, दुसरा किती अंतरावर, पंख्यानं तुरीची झाडं कोणत्या कोनात कापली, यावरून चौकशी करणाऱ्यांना वेग आणि उसळ्या कळतात. गावातल्या पन्नास जणांनी तो पट्टा तुडवला की वाऱ्याचा दोष होता की वैमानिकाचा, हे कायमचं मातीत जातं. पोलीस येईपर्यंत दोरी किंवा साड्या बांधून शंभर मीटरवर गर्दी थांबवा. पोलीस पाटील आणि कोतवाल हे काम चांगलं करतात. माणूस काढताना तुम्ही एखादा भाग हलवला किंवा स्विच बंद केला, तर ते आठवणीनं सांगा. त्यासाठी कुणी दोष देत नाही.

जखमींचे आणि मृतांचे व्हिडिओ फिरवू नका. विमानातल्या मुलाच्या आईला बातमी आधी मोबाईलवरून कळू नये. फोटो काढले असतील तर पोलिसांना द्या.

तुम्ही डोळ्यांनी जे पाहिलं ते त्याच संध्याकाळी कागदावर लिहा: वेळ, वारा कुठून होता, धूळ उडत होती का, ढग कुठे होता, विमान किती वेळा वर-खाली झालं, इंजिनाचा आवाज येत होता की बंद. धावपट्टीवरचा वारा दाखवणारा कापडी मोजा हवेत किती ताठ होता ते लक्षात असेल तर तेही; तो साधारण १५ नॉटला पूर्ण आडवा होतो. दुसऱ्या दिवशी चार जणांशी बोलल्यावर आठवण बदलते, म्हणून आधी लिहायचं. गावातल्या माणसाला वाऱ्यातलं कळतं, आणि छोट्या धावपट्टीवर हवामानाचं यंत्र नसेल तिथे तुमचं सांगणं चौकशीत मोलाचं ठरतं.

वावराचं काय

पोलिसांच्या पंचनाम्यात पिकाचं नुकसान नीट येत नाही. तलाठी आणि कृषी सहायकाकडून वेगळा पंचनामा करून घ्या, त्यात विमानामुळे मोडलेलं पीक आणि नंतर गर्दीनं, गाड्यांनी तुडवलेलं पीक वेगवेगळं लिहायला लावा. सातबारा, फोटो आणि पंचनाम्याची प्रत जोडून विमान चालवणाऱ्या संस्थेकडे लेखी मागणी करा, आणि त्याची प्रत तहसील कार्यालयात द्या.

पेट्रोल मुरलेल्या जागेकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. या निळसर पेट्रोलमध्ये शिसं असतं. वरची भिजलेली माती चौकशी करणाऱ्यांची परवानगी मिळाल्यावर काढून टाकावी लागते, आणि तो खर्चही मागणीत लिहा. तिथलं गवत ढोरांना चारू नका. उतारावर विहीर असेल तर पाणी तपासून येईपर्यंत पिण्यासाठी उपसू नका.

हे सगळं आधी ठरवायला हवं

धावपट्टीच्या आसपासच्या गावांनी हे काम मार्चपर्यंत ग्रामसभा घेऊन करावं, वादळी वाऱ्याचे महिने सुरू व्हायच्या आत. फोन कोण लावणार, रस्त्यावर कोण उभं राहणार, ट्रॅक्टर कुणाचा, तार कापायची पक्कड कुणाकडे, लाईनमनचा आणि धावपट्टीच्या कार्यालयाचा नंबर काय. जिल्ह्यात आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेले तरुण असतात, त्यांतला एखादा बोलावून शाळेच्या मैदानावर फळीवर माणूस चढवायचा सराव करून घ्या. धावपट्टीकडे जाणाऱ्या पांदणीवरचं अतिक्रमण हटवा, मोऱ्या दुरुस्त करा. धावपट्टीवर ढोरं चरायला सोडायची सवय ज्या गावांत आहे, त्यांनी ती थांबवावी. झोत्याच्या वाऱ्यात टेकणाऱ्या वैमानिकाला समोर गाय दिसली, तर तिला वाचवायच्या नादात तो नेमका तुमच्या वावरात येतो.